पटावर पावणेदोन कोटी, रविवारी हजेरी किती?

रविवारची सभा सुरू आहे. प्रार्थना झाली, आता किशोरवयीन मुलं बाकांच्या ओळींमधून पावाचे तुकडे आणि पाण्याचे चिमुकले पेले फिरवत आहेत. मागे बसलेला एक गृहस्थ ओळीओळीने डोकी मोजतो. तो त्या मंडळीचा कारकून. त्याला पगार नाही, हे काम त्याच्याकडे सेवा म्हणून आलेलं आहे. मोजून झालं की तो आकडा नोंदवतो, आणि पुढे तो अमेरिकेच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला, मुख्यालयात पोहोचतो. मॉर्मन हा अमेरिकेत जन्मलेला ख्रिस्ती पंथ; त्याच्या जगभरातल्या एकतीस हजारांहून जास्त मंडळ्यांची, म्हणजे स्थानिक सभांची, हजेरी अशी एका जागी जमा होते.

तो आकडा चर्च जाहीर करत नाही. दरवर्षी एप्रिलमधल्या महासभेच्या सुमारास जाहीर होतो तो दुसरा आकडा, एकूण सभासदांचा. २०२४ अखेर तो होता १,७५,०९,७८१. म्हणजे पावणेदोन कोटी. बातम्यांमध्ये, विश्वकोशांमध्ये, राजकीय चर्चेत हाच आकडा फिरतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, पावणेदोन कोटी माणसं हा धर्म पाळतात. शाळेत शिकवलेल्या कुणालाही इथली अडचण लगेच कळेल. पट वेगळा, हजेरी वेगळी. हा लेख या दोन्हींमधल्या अंतराबद्दल आहे.

नावाबद्दल एक खुलासा आधीच करतो. या संस्थेचं अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी ते स्थापन केलं. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नका, असं २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं. आपल्या वाचकांना तोच शब्द ओळखीचा आहे म्हणून मी तो ठेवला आहे, अनादर म्हणून नाही.

आता पटावर नाव चढतं कसं ते पाहू. मॉर्मन कुटुंबात मूल जन्मलं की काही आठवड्यांनी मंडळीसमोर त्याला आशीर्वाद देऊन नाव ठेवतात, आणि तेव्हाच त्याची नोंद उघडते. बाप्तिस्मा आठव्या वर्षी. मधल्या काळात ते मूल एकूण आकड्यात धरलेलं असतं. नऊ वर्षांचं होईपर्यंत बाप्तिस्मा झाला नाही, तर सहसा नाव गळतं. बाहेरून येणाऱ्याचं नाव बाप्तिस्म्याबरोबर चढतं. पांढऱ्या शर्टातले, छातीवर काळी नावपट्टी लावलेले दोन-दोन तरुण दारोदार फिरताना दिसतात, त्यांच्या कामातून बरेचसे नवे सभासद येतात.

नाव उतरण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. मृत्यू, आपणहून दिलेला लेखी राजीनामा, किंवा गंभीर चुकीबद्दल चर्चने काढून घेतलेलं सभासदत्व. सभेला येणं बंद करणं ही नाव उतरण्याची वाट नाही. कुणी वीस वर्षं फिरकलं नाही, दुसऱ्या पंथात गेलं, आपण मॉर्मन होतो हेही विसरलं, तरी नाव राहतं. माणूस घर बदलून गेला आणि पत्ता लागला नाही, तर त्याची नोंद ‘पत्ता अज्ञात’ गटात जाते आणि त्याच्या वयाला ११० वर्षं होईपर्यंत तिथे राहते. तो वारला आणि चर्चला कळलं नाही, तरीही.

उदाहरण घेऊन बघा. समजा, साओ पावलोतल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने १९८५ मध्ये मित्राबरोबर जाऊन बाप्तिस्मा घेतला, तीन रविवार गेला आणि मग कधीच गेला नाही. घर बदललं, पत्ता हरवला. त्याचं नाव २०८० पर्यंत पटावर राहू शकतं.

यात फसवणूक आहे का? मला तसं वाटत नाही, आणि हे मी मनापासून म्हणतो. मॉर्मन श्रद्धेत बाप्तिस्मा म्हणजे देवाशी केलेला करार. माणूस तो विसरला म्हणून मंडळीने विसरायचा नसतो. शंभर मेंढरांतलं एक हरवलं तर नव्व्याण्णव सोडून त्याला शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला सगळ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत सांगितला जातो. इथे तो नोंदवहीतही पाळला जातो. हरवलेल्याचं नाव खोडलं तर शोधायचं कुणाला? बऱ्याच मंडळ्यांमध्ये अशा नावांच्या याद्या घेऊन माणसं खरोखर दारं ठोठावत फिरतात. हा हेतू मला समजतो. पण मेंढरं शोधायची यादी हीच कळपाची गणना म्हणून जगापुढे मांडली जाते, आणि गोंधळ तिथे सुरू होतो.

वार्षिक अहवालातले आकडे जुळवून पाहिले तर पटाची चाल थोडी उलगडते. २०२३ अखेर सभासद होते १,७२,५५,३९४. वर्षभरात ३,०८,६८२ जणांनी बाहेरून येऊन बाप्तिस्मा घेतला आणि ९१,६१७ मुलांची नवी नोंद झाली. बेरीज ४,००,२९९. पण पट वाढला फक्त २,५४,३८७ ने. उरलेली १,४५,९१२ नावं उतरली. त्यात मृत्यू आले, राजीनामे आले, काढलेले आले, बाप्तिस्मा न झालेली मुलंही आली. कुठल्या कारणाने किती, हे अहवालात नसतं. एवढं मात्र दिसतं की नावं उतरतात. जी माणसं नुसतीच येईनाशी झाली, ती या दीड लाखाच्या आसपासच्या आकड्यात नाहीत. ती अजून पावणेदोन कोटींतच आहेत.

मग हजेरी कळायची कशी? चर्च सांगत नसेल तर दुसऱ्या कुणीतरी मोजलेलं पाहावं लागतं. जनगणना हे त्यातलं सगळ्यात सरळ साधन, आणि याबाबत सगळ्यात बोलके देश लॅटिन अमेरिकेतले.

ब्राझीलच्या २०१० च्या जनगणनेत स्वतःचा धर्म मॉर्मन सांगणारे निघाले २,२६,५०९. त्याच वर्षअखेर चर्चच्या पटावर ब्राझीलचे सभासद होते ११ लाखांहून जास्त. पटावरच्या पाच जणांतल्या जेमतेम एकाने, घरी आलेल्या प्रगणकाला ‘मी मॉर्मन’ असं सांगितलं. मेक्सिकोत त्याच वर्षी जनगणनेचा आकडा ३,१४,९३२ आणि चर्चचा १२ लाखांच्या वर, म्हणजे चारात एक. चिलीत २००२ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्या १,०३,७३५ जणांनी हा धर्म सांगितला, आणि चर्चच्या नोंदीत तिथे पाच लाखांहून जास्त नावं होती.

प्रशांत महासागरातलं टोंगा हे छोटं बेट-राष्ट्र आणखी वेगळं चित्र दाखवतं. चर्चच्या पटाप्रमाणे देशाच्या निम्म्याहून जास्त लोक मॉर्मन. जनगणनेत हे प्रमाण एकपंचमांशाच्याही खाली. तरी टोंगात हे चर्च चांगलं रुजलेलं आहे, शाळा आहेत, मंदिर आहे (रविवारच्या सभागृहाहून वेगळी, खास विधींसाठीची मॉर्मन वास्तू). एकपंचमांशाजवळचं प्रमाण कुठल्याही देशात मोठंच. पटाशी तुलना केली की तेच लहान वाटायला लागतं. मोठा आकडा सांगितल्यामुळे खरं यश झाकलं जातं, असं माझं मत आहे.

जनगणनेलाही मर्यादा आहेत. घरातला एक जण सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो. कुणी नुसतं ‘ख्रिस्ती’ म्हणून मोकळा होतो. ब्राझीलमध्ये धर्माचा प्रश्न सगळ्या घरांना विचारत नाहीत, नमुन्यातल्या घरांनाच विचारतात. मेक्सिकोतले कित्येक सभासद कामासाठी अमेरिकेत गेलेले असतात. म्हणून चारास एक किंवा पाचास एक हे गुणोत्तर दशांशापर्यंत ताणू नये. पण एवढी दरी अशा चुकांनी भरून निघत नाही, आणि वेगवेगळ्या देशांत ती सारखीच दिसते.

ही दरी पडली कशी, हा मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, कारण आकड्यांमागची माणसं इथे दिसतात. १९८० आणि ९० च्या दशकांत लॅटिन अमेरिकेत मिशनरी कामाचा वेग विलक्षण होता. घर सोडून दोन वर्षांसाठी परक्या भाषेत आलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलं. त्यांच्यापुढे महिन्याला इतके बाप्तिस्मे असं लक्ष्य असायचं. समोर मैत्रीची, आधाराची ओढ असलेली माणसं. भेट ते बाप्तिस्मा हा प्रवास कधी काही दिवसांत उरकायचा. मग मिशनऱ्याची बदली व्हायची. ज्याच्या ओळखीने माणूस आला तो ओळखीचा चेहराच जायचा, आणि रविवारी दारात उभं राहिल्यावर सभागृहात सगळे अनोळखी. शिवाय हा धर्म अंगावर बरंच काही घेतो. उत्पन्नाचा दशमांश, दारू-तंबाखू वर्ज्य, कॉफी आणि चहाही वर्ज्य, मंडळीतली एखादी जबाबदारी. दहा दिवसांत बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला याची कल्पना कितपत असेल?

असंच त्याआधी इंग्लंडमध्ये घडलं होतं. १९६० च्या आसपास मिशनरी तिथल्या मुलांना बेसबॉल खेळायला बोलावत आणि संघात आलेल्या मुलांचे बाप्तिस्मे होत. पुढे चर्चच्या इतिहासात ते ‘बेसबॉल बाप्तिस्मे’ म्हणूनच ओळखले गेले. खेळ संपला तशी मुलंही पांगली, आणि त्यातली पुष्कळ नावं नंतर पटावरून काढावी लागली.

चर्चच्या नेत्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. १९९७ मध्ये अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी महासभेत सांगितलं की प्रत्येक नव्या सभासदाला तीन गोष्टी हव्यात: एक मित्र, एक जबाबदारी आणि देवाच्या वचनाचं पोषण. २००२ मध्ये, अध्यक्षांखालोखाल ज्यांचं स्थान असतं त्या चर्चच्या बारा ‘प्रेषितां’पैकी जेफ्री हॉलंड चिलीला आणि डॅलिन ओक्स फिलिपिन्सला राहायला गेले, दोन वर्षांसाठी. इतक्या वरच्या पदावरच्या माणसांनी परदेशात मुक्काम ठोकावा हे फारच दुर्मिळ होतं. चिलीत त्या काळात अनेक वॉर्ड आणि स्टेक एकमेकांत मिसळून टाकले गेले. वॉर्ड म्हणजे एक स्थानिक मंडळी, आणि अशा काही मंडळ्यांचा गट म्हणजे स्टेक. कागदावर चार मंडळ्या होत्या, पण त्या चालवायला माणसं एका मंडळीपुरतीच होती.

इथे मला वाईट वाटतं ते टिकून राहिलेल्यांचं. मॉर्मन मंडळीत पगारी पाळक नसतो. बिशप म्हणजे दिवसा बँकेत किंवा दुकानात काम करणारा कुणी गृहस्थ. मुलांचे वर्ग, तरुणांचे कार्यक्रम, गरजूंना मदत, हिशेब, सगळं सभासदच करतात. पटावर पाचशे नावं बघून आखलेली मंडळी साठ माणसांना चालवावी लागली, तर एकाच बाईकडे तीन जबाबदाऱ्या येतात आणि दोन वर्षांनी तीही थकून घरी बसते. फुगलेल्या पटाचा खरा भार बाहेरच्या टीकाकारांवर पडत नाही. तो या साठ जणांवर पडतो.

अमेरिकेत चित्र उलटं दिसतं, आणि त्यामुळे ‘सक्रिय’ या शब्दाकडेच नीट बघावं लागतं. तिथे चर्चच्या पटाप्रमाणे लोकसंख्येचे सुमारे २ टक्के मॉर्मन. प्यू या अमेरिकन संशोधन केंद्राच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत स्वतःला मॉर्मन म्हणवणारे प्रौढ निघाले १.६ टक्के. दोन्ही आकडे बरेच जवळ. युटात पाच-सहा पिढ्यांची घरं आहेत. पणजोबा हातगाडी ओढत पर्वत ओलांडून आले, अशा आठवणी आहेत. तिथला माणूस दहा वर्षं सभेला गेला नाही तरी ‘आम्ही मॉर्मन’ म्हणतो. तो धर्म त्याच्यासाठी आजोळ आहे, गाव आहे, लग्नातलं जेवण आहे. ब्राझीलमध्ये येणं सुटलं की ओळखही सुटते. माणूस परत कॅथलिक होतो, शेजारच्या पेंटेकोस्टल सभेत जातो किंवा कुठेच जात नाही. म्हणून ‘येतो का’ आणि ‘स्वतःला म्हणवतो का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ‘पटावर आहे का’ हा तिसरा.

त्याच पाहणीतल्या आणखी दोन आकड्यांकडे बघा. स्वतःला मॉर्मन म्हणवणाऱ्यांपैकी ७७ टक्के दर आठवड्याला सभेला जातो म्हणाले. अमेरिकेतल्या फार थोड्या धर्मगटांत हे प्रमाण इतकं असतं. आणि मॉर्मन घरात वाढलेल्यांपैकी ६४ टक्केच मोठेपणी मॉर्मन राहिले. जे राहतात ते मनापासून राहतात. जे जातात ते मात्र संख्येने थोडे नाहीत, आणि त्यांतले बरेच जण राजीनामा न देताच गेलेले असतात.

हजेरीचा जागतिक अंदाज चर्चच्या जवळच्या वर्तुळातून एकदा छापला गेला होता. चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या सहकार्याने १९९२ मध्ये मॉर्मन धर्माचा एक विश्वकोश निघाला. त्यातल्या आकडेवारीच्या नोंदीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे पाव आणि पाणी वाटल्या जाणाऱ्या रविवारच्या सभेची हजेरी अशी दिली होती: अमेरिका, कॅनडा आणि दक्षिण प्रशांत भागात ४० ते ५० टक्के, युरोप आणि आफ्रिकेत सुमारे ३५, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत सुमारे २५. आकडे जुने आहेत, पण देशोदेशीच्या जनगणनांशी त्यांचा मेळ बसतो.

आजच्यासाठी एक साधा हिशेब आपला आपण करता येतो, आणि मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो. २०२४ अखेर वॉर्ड आणि शाखा मिळून मंडळ्या होत्या ३१,६७६. सभासदसंख्येला याने भागलं तर एका मंडळीमागे पटावर येतात ५५३ नावं. यांपैकी शाखा म्हणजे लहान मंडळ्या, काहींत तर बोटांवर मोजण्याइतकी घरं. रविवारच्या सभागृहांची अशी सरासरी ५५३ ची गर्दी कुठे दिसत नाही. सरासरी १०० माणसं धरली तर जगभरची हजेरी होते ३१ लाख ६७ हजार, आणि १५० धरली तर साडेसत्तेचाळीस लाखांच्या वर. ही सरासरी मी गृहीत धरली आहे, मोजलेली नाही. पण पावणेदोन कोटींपासून आपण किती दूर आहोत, हे त्यावरून कळतं.

मंडळ्यांचा आकडा विश्वासार्ह का, त्याचंही कारण आहे. नवा वॉर्ड उघडायला पटावरची नावं पुरत नाहीत. दशमांश पूर्ण भरणारे, चर्चने पौरोहित्याचा अधिकार दिलेले, काम करू शकणारे ठरावीक संख्येचे पुरुष हजर असावे लागतात. सभा चालवायला हाडामांसाची माणसं लागतात, नोंदवहीतली चालत नाहीत. आता २०१५ शी तुलना करा. तेव्हा सभासद होते १,५६,३४,१९९ आणि मंडळ्या ३०,०१६. नऊ वर्षांत सभासद वाढले १२ टक्के आणि मंडळ्या साडेपाच टक्के. वाढ आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. मंडळ्या निम्म्या वेगाने वाढतात, एवढंच.

दुसऱ्या पंथांची पद्धत पाहिली की निवडीचा प्रश्न स्पष्ट होतो. यहोवाचे साक्षीदार ‘प्रचारक’ मोजतात, म्हणजे प्रत्यक्ष प्रचाराला जाऊन त्याचा अहवाल देणारे. त्यांची जागतिक संख्या ९० लाखांच्या आसपास आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या स्मारकविधीला मात्र त्यांच्याकडे दोन कोटींहून जास्त माणसं जमतात. त्यांनी मॉर्मनांसारखं मोजलं असतं तर त्यांचा आकडा कितीतरी मोठा दिसला असता, आणि मॉर्मनांनी त्यांच्यासारखं मोजलं असतं तर यांचा कितीतरी लहान. दोन धर्मांचे आकडे शेजारी ठेवून ‘हा मोठा, तो लहान’ म्हणणाऱ्या बातम्या वाचताना मला नेहमी हे आठवतं. कॅथलिक चर्चही बाप्तिस्मा झालेले मोजतं, त्यामुळे ही पद्धत मॉर्मनांनीच काढली असं मुळीच नाही. फरक एवढाच की कॅथलिक आकडा रविवारची गर्दी सांगतो, असं सहसा कुणी समजत नाही.

पटावरून भविष्य वर्तवायला गेलं की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क. त्यांनी १९८४ मध्ये मांडलं की दर दशकाला ३० टक्के वाढ धरली तर २०८० पर्यंत मॉर्मन ६ कोटींच्या पुढे जातील, आणि ५० टक्के धरली तर २६ कोटींच्याही पुढे. एक नवा जागतिक धर्म आपल्या डोळ्यांसमोर जन्मतो आहे, अशी ती मांडणी होती आणि तिची खूप चर्चा झाली. दुसरे समाजशास्त्रज्ञ रिक फिलिप्स यांनी २००६ मध्ये पट आणि जनगणना समोरासमोर ठेवून दाखवलं की ज्या प्रसारावर ही मांडणी उभी होती तो प्रसारच पुष्कळसा कागदावर आहे. आणि वाढीचा तो वेगही मागे पडला. २०१५ ते २०२४ मधली पटावरचीच वाढ १२ टक्के आहे, हे वर आलंच.

भारताशी या धर्माचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे, आणि त्यात पुणंही आहे. १८५० च्या दशकात मॉर्मन मिशनरी कलकत्त्याला आणि मुंबईला उतरले. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईहून पुण्याला गेला आणि १८५२ मध्ये तिथे त्याने छोटी मंडळी उभी केली, मोजक्या माणसांची. दशक निम्मं सरेपर्यंत मिशनरी परतले. त्यांच्यामागे काही जण युटाला गेले, बाकीचे पांगले. मग जवळजवळ शंभर-सव्वाशे वर्षं इथे फारसं काही नव्हतं. बेंगळुरूला मिशनचं केंद्र झालं ते १९९३ मध्ये.

आज चर्चच्या पटावर भारतातले सुमारे १५ हजार सभासद आहेत. त्यांतले किती जण रविवारी येतात, हे बाहेरच्याला पडताळता येत नाही, कारण आपल्या जनगणनेत सगळे ख्रिस्ती एकाच रकान्यात येतात. ब्राझील-मेक्सिकोसारखी फेरतपासणी इथे शक्यच नाही. पण २०१२ मध्ये हैदराबादला भारतातला पहिला स्टेक झाला आणि २०१८ मध्ये बेंगळुरूच्या मंदिराची घोषणा झाली. स्टेक चालवायला डझनावारी जबाबदाऱ्या वर्षानुवर्षं पेलणारी माणसं लागतात. मंदिरात पाऊल ठेवायलाही आधी बिशपसमोर बसून, दशमांश भरतो का, चहा-कॉफी सोडली का, याची उत्तरं देऊन परवाना मिळवावा लागतो. चहावर वाढलेल्या देशात तो परवाना खिशात असलेली माणसं किती, हे कळलं तर पंधरा हजारांचा आकडा विचारायची गरजच पडणार नाही.